‘एन्टाइस’ नेमकं कुठे बसतं? आमिष, मोह, फूस आणि लाडीगोडीची इंग्रजी क्रियापदं

मराठीत ‘मोह झाला’, ‘आमिष दाखवलं’, ‘फूस लावली’ आणि ‘मनधरणी केली’ हे चार वेगळे प्रसंग आहेत, हे कुणाला शिकवावं लागत नाही. आंब्याची पेटी पाहून मोह होतो. आमिष कुणीतरी दुसरं दाखवतं. फूस लावणाऱ्याचा हेतू वाईटच असतो आणि मनधरणी रुसलेल्याची करतात. हेच इंग्रजीत लिहायला बसलं की शब्दकोश एन्टाइस, ल्युअर, टेम्प्ट, अल्युअर, सिड्यूस, कोक्स असे सहा-सात शब्द एका ओळीत ठेवतो आणि कुठलाही उचलला तरी भागेल असं वाटू लागतं. स्पर्धा परीक्षेतल्या समानार्थी शब्दांच्या प्रश्नात भागतंही. पण बातमीत, कंपनीच्या पत्रात, भाषांतरात किंवा पोलिसांत द्यायच्या तक्रारीत शब्द चुकला की अर्थ बदलतो, आणि कधी कधी आरोपच बदलतो.

या घोळक्याच्या मधोमध एन्टाइस उभा आहे. तो नीट कळला की बाकीचे त्याच्यापासून किती दूर आहेत ते मोजता येतं, म्हणून सुरुवात त्याच्यापासून.

स्पेलिंग ई-एन-टी-आय-सी-ई. मराठीत आपण एन्टाइस लिहितो, पण इंग्रजी उच्चारात पहिला स्वर ऱ्हस्व ‘इ’कडे झुकतो आणि जोर दुसऱ्या भागावर पडतो: इन्-टाइस. शेवटी नाइस, राइस, प्राइसमधला ‘स’ येतो. ‘एन्टाइज’ म्हणणं चूक. एन्टाइसिंग लिहिताना शेवटचा ई गळतो, एन्टाइसमेंटमध्ये मात्र तो राहतो. कारण सोपं आहे: इंग्रजीत सी या अक्षरापुढे ई, आय किंवा वाय असेल तरच त्याचा ‘स’ होतो. एन्टाइसिंगमध्ये ते काम आय करतो. एन्टाइसमेंटमध्ये ई काढला तर सीपुढे एम येईल आणि त्याचा ‘क’ होऊन बसेल.

हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला, आणि अभ्यासक त्याचं मूळ लॅटिनमधल्या ‘टिटिओ’ या शब्दापर्यंत नेतात. टिटिओ म्हणजे जळतं लाकूड, आपलं कोलीत. म्हणजे मुळात एन्टाइस करणं म्हणजे कोलीत लावून पेटवणं, चिथावणं. पुढे चिथावणीचा अर्थ मागे पडला आणि ‘काहीतरी हवंहवंसं पुढे करून मनात इच्छा पेटवणं’ एवढा उरला. वापरताना ही इच्छा पेटवण्याची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वाक्यात काय काय लागतं

एन्टाइसच्या वाक्यात चार जागा असतात: ओढणारा, ओढला जाणारा, आमिष, आणि ओढून कुठे न्यायचं किंवा काय करायला लावायचं ते. यातली दुसरी जागा, म्हणजे कर्म, गाळता येत नाही. ‘द ऑफर एन्टाइसेस’ एवढ्यावर वाक्य थांबत नाही. कुणाला, ते सांगावं लागतं. कर्म न सांगता नुसतं ‘मोहात पाडणारं’ म्हणायचं असेल तर विशेषण घ्यायचं: ‘द ऑफर इज एन्टाइसिंग’.

कर्म सजीव आणि इच्छा असणारं हवं. माणूस, गिऱ्हाईक, मतदार, प्रेक्षक, मांजर, पक्षी चालतात. ‘एन्टाइस व्हायलन्स’ होत नाही. हिंसेला चिथावणी द्यायची तर इन्साइट हे वेगळं क्रियापद आहे. दोन्हींचा आवाज इतका जवळचा आहे की घाईत एकाच्या जागी दुसरं बसतं. एक्साइटचंही तसंच. ‘आय अ‍ॅम एन्टाइस्ड टू मीट यू’ लिहिणाऱ्याला बहुधा एक्साइटेड म्हणायचं असतं.

खरी चूक होते ती कर्मानंतरच्या शेपटीत. बरोबर शेपट्या अशा:

‘द डिस्काउंट एन्टाइस्ड पीपल टू स्पेंड मोअर.’ इथे टू आणि पुढे मूळ क्रियापद.

‘द डिस्काउंट एन्टाइस्ड पीपल इन्टू स्पेंडिंग मोअर.’ इथे इन्टू आणि पुढे आयएनजी लावलेलं रूप. अर्थ जवळपास तोच, पण इन्टू आलं की ‘लोक त्यात ओढले गेले, कदाचित नंतर पस्तावले’ अशी छटा येते.

‘द स्मेल ऑफ फ्रेश ब्रेड एन्टाइस्ड देम इन्टू द शॉप.’ इन्टूपुढे जागा.

‘दे एन्टाइस्ड हर अवे फ्रॉम हर ओल्ड फर्म.’ असलेल्या जागेवरून उठवून नेणं.

आमिषासाठी विथ: ‘एन्टाइस्ड देम विथ फ्री सॅम्पल्स.’

मराठी मनाला इथे सवयीने ‘साठी’ आठवतं. ‘विकत घेण्यासाठी मोहात पाडलं’ याचं ‘एन्टाइस्ड हिम फॉर बाइंग’ होतं, आणि ते इंग्रजीत चूक आहे. ‘एन्टाइस्ड हिम टू बाइंग’ हीसुद्धा चूकच. टू असेल तर आयएनजी नको, आयएनजी हवं तर इन्टू. एवढं एक सूत्र पक्कं बसलं तरी एन्टाइसच्या निम्म्या चुका संपतील. बरं, हेच सूत्र टेम्प्ट आणि कोक्सलाही जसंच्या तसं लागू पडतं, त्यामुळे कष्ट एकदाच.

विथ आणि बाय यांच्यातला फरकही पाहून घ्यावा. ‘शी वॉज एन्टाइस्ड बाय द सॅलरी’ म्हणजे पगारानेच तिला ओढलं. ‘शी वॉज एन्टाइस्ड विथ अ बिग सॅलरी’ म्हणजे पगार हे हत्यार होतं आणि ते वापरणारा कुणीतरी पडद्याआड आहे. बातमीत किंवा तक्रारीत तो कुणीतरी महत्त्वाचा असेल तर विथ लिहावं.

‘आमिष दाखवलं’ म्हणजे एन्टाइस्ड?

नेहमीच नाही, आणि भाषांतरात सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो.

मराठीत ‘आमिष दाखवलं’ यात दाखवण्यापुरतीच क्रिया पूर्ण होते. पुढे समोरचा गळाला लागला की नाही, ते वेगळं सांगावं लागतं. ‘त्याला दुप्पट पगाराचं आमिष दाखवलं, पण तो बधला नाही’ हे अगदी सरळ मराठी वाक्य आहे. इंग्रजीत साध्या भूतकाळात ‘दे एन्टाइस्ड हिम’ म्हटलं की आजचा वाचक ‘तो गेला’ असंच समजतो. त्यामुळे ‘दे एन्टाइस्ड हिम विथ डबल सॅलरी, बट ही डिडन्ट गो’ हे वाक्य त्याला अडखळायला लावतं. तिथे ‘दे ट्राइड टू एन्टाइस हिम’ किंवा ‘दे ऑफर्ड हिम डबल सॅलरी, बट ही डिडन्ट बज’ लिहायचं. प्रयत्न अजून चालू असेल तर ट्राय, होप, अटेम्प्ट यांपैकी एक शब्द एन्टाइसच्या आधी हवाच.

जुन्या इंग्रजीत हे बंधन सैल होतं. 1611 साली छापलेल्या बायबलच्या इंग्रजी भाषांतरात, नीतिसूत्रांच्या पहिल्याच अध्यायात, पापी लोक एन्टाइस करू लागले तर कबूल होऊ नकोस असा उपदेश आहे. तिथे एन्टाइस म्हणजे नुसता प्रयत्न. जुन्या ग्रंथाचं भाषांतर करताना हा फरक धरावा, आजचं लिहिताना नाही.

टेम्प्टचं नेमकं उलट आहे. टेम्प्टचं मूळ लॅटिनमध्ये ‘चाचपणं, पारखणं’ असं आहे, आणि आजही टेम्प्टमध्ये परीक्षा चालू असते, निकाल लागलेला नसतो. ‘आय वॉज टेम्प्टेड टू बाय इट’ म्हणजे मोह झाला. घेतलं की नाही ते वाक्यात नाही, आणि बहुतेकदा नाहीच घेतलेलं. ‘मोहाला बळी पडलो’ म्हणायचं तर ‘आय गेव्ह इन टू टेम्प्टेशन’. पण टेम्प्टला इन्टू जोडलं की निकाल लागतो: ‘द सेल टेम्प्टेड मी इन्टू बाइंग थ्री शर्ट्स’ म्हणजे तीन शर्ट घरी आले.

दुसरी गोष्ट, टेम्प्टला ओढणारा माणूस लागत नाही. आंबा, झोप, पावसाळी दुपार, ‘राजीनामा फेकून द्यावा’ हा विचार, यांपैकी काहीही टेम्प्ट करू शकतं. म्हणून आपल्याच मनात उठलेल्या इच्छेला एन्टाइस लावू नये. ‘आय अ‍ॅम एन्टाइस्ड टू से नो’ हे कानाला खटकतं, कारण नाही म्हणायचं आमिष कुणी दाखवलेलंच नाही. तिथे ‘आय अ‍ॅम टेम्प्टेड टू से नो’. मराठी चाचणी हाताशी आहेच: मराठीत ‘मोह झाला’ म्हणणार असाल तर टेम्प्ट, ‘मोहात पाडलं’ म्हणणार असाल तर एन्टाइस.

बिबट्या, शेळी आणि पिंजरा

ल्युअर हा शब्द ससाण्यांच्या शिकारीतून आला. शिकारी दोरीच्या टोकाला पिसांचा झुबका आणि त्यात मांसाचा तुकडा बांधून फिरवतो, ते पाहून उडालेला ससाणा परत हातावर येतो. त्या झुबक्याला ल्युअर म्हणत. आपल्या ‘आमिष’ शब्दाचा संस्कृतातला पहिला अर्थ मांसच आहे, म्हणून तर शाकाहारी जेवणाला निरामिष म्हणतात. दोन भाषा वेगवेगळ्या वाटांनी एकाच मांसाच्या तुकड्यापाशी पोचल्या आहेत. ल्युअरला मराठी प्रतिशब्द शोधायचा तर ‘आमिष दाखवून ओढणे’ यापेक्षा जवळचा मिळणार नाही.

एन्टाइस आणि ल्युअर यांतला फरक शेवटी नुकसान कुणाचं होतं यावर ठरतो. एन्टाइसमध्ये दोघांचंही भलं होऊ शकतं: गिऱ्हाइकाला सवलत मिळते, दुकानदाराला विक्री. ल्युअरमध्ये सहसा ओढला जाणारा फसतो, अडकतो किंवा जिवाला मुकतो. म्हणून ल्युअरपुढे ट्रॅप, जंगल, लॉज, ओसाड घर अशा जागा येतात. नोकरीच्या बाजारात मात्र ल्युअर थोडा सौम्य झाला आहे. ‘ल्युअर्ड अवे बाय अ रायव्हल’ याचा अर्थ दुसऱ्या कंपनीने पळवलं, एवढाच. तरीही बोलणारा जुन्या कंपनीच्या बाजूने बोलतो आहे हे त्यातून कळतं. नव्या कंपनीच्या पत्रकात कुणी ‘वुई ल्युअर्ड हर’ लिहिणार नाही.

शेपटीही थोडी वेगळी. ल्युअरला इन्टू, टू, अवे फ्रॉम आणि त्यापुढे जागा किंवा आयएनजी रूप शोभतं. टू आणि मूळ क्रियापद अगदीच होत नाही असं नाही, पण ते एन्टाइसला जास्त सहज बसतं.

बेट, म्हणजे आमिष लावणं, या इंग्रजी शब्दापाशी खड्डा आहे. जुन्नर परिसरात बिबट्या पकडायला वनविभाग पिंजरा लावतो आणि आत शेळी ठेवतो. याचं इंग्रजी करताना ‘द लेपर्ड वॉज बेटेड विथ अ गोट’ असं सुचतं. पण बेट हे क्रियापद या अर्थाने वापरलं की त्याचं कर्म गळ, सापळा किंवा पिंजरा असतं, जनावर नसतं. ‘द केज वॉज बेटेड विथ अ गोट’ हे बरोबर, ‘द लेपर्ड वॉज ल्युअर्ड इन्टू द केज’ हेही बरोबर. कर्माच्या जागी जनावर किंवा माणूस आला की बेटचा अर्थ डिवचणं, छळणं असा होतो. इंग्लंडमध्ये अस्वल खांबाला बांधून त्याच्यावर कुत्रे सोडण्याचा खेळ होता, त्याला बेअर-बेटिंग म्हणत. 1835 च्या कायद्याने तो बंद झाला. तो अर्थ शब्दात अजून जिवंत आहे. ‘ही बेटेड द कस्टमर’ लिहिलं तर वाचक समजेल की त्याने गिऱ्हाइकाला मुद्दाम चिडवलं. नामाला ही अडचण नाही: ‘टेक द बेट’ म्हणजे गळाला लागणं, हे निर्धास्त वापरावं.

मराठीतली एक जोडी इथेच निस्तरून टाकू. ‘गळाला लागणे’ म्हणजे आमिषाला बळी पडणं, पण ‘गळ घालणे’ म्हणजे आग्रहाने विनवणं. दोन्हींत गळ आहे म्हणून ‘मित्रांनी गळ घातली’ याचं ‘फ्रेंड्स बेटेड हिम’ किंवा ‘ल्युअर्ड हिम’ करू नये. ते ‘हिज फ्रेंड्स अर्ज्ड हिम’ किंवा ‘प्लीडेड विथ हिम’ आहे.

लाडीगोडीची क्रियापदं

कोक्समध्ये आमिष लागत नाही, धीर लागतो. चुचकारणं, गोंजारणं, थोडं थोडं करत राजी करणं. ‘शी कोक्स्ड द चाइल्ड इन्टू ईटिंग टू मोअर स्पूनफुल्स’ म्हणजे चिऊचा घास, काऊचा घास करत दोन चमचे भरवले. त्याच मुलाला चॉकलेट दाखवून जेववलं तर ते एन्टाइस. पलंगाखाली लपलेलं मांजर मऊ बोलून बाहेर काढलं तर कोक्स्ड आउट, सुकट ठेवून काढलं तर एन्टाइस्ड आउट. कोक्सचा आणखी एक उपयोग निर्जीव वस्तूंसाठी होतो, तो एन्टाइसला नाही: थंडीत सुरू न होणारी जुनी मोटारसायकल हळूहळू चोक-अ‍ॅक्सिलरेटर करत चालू केली, तर ‘ही कोक्स्ड द इंजिन इन्टू लाइफ’.

कजोलमध्ये स्तुती आणि पाठपुरावा येतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवून काम करून घेणं. व्हीडलमध्ये तीच स्तुती लाचार किंवा लबाड होते, आणि बहुतेकदा काहीतरी काढून घेतलं जातं: ‘व्हीडल्ड मनी आउट ऑफ हिज आन्ट’. पर्सुएड या सगळ्यांपेक्षा सरळ, मुद्दे मांडून पटवणं. गंमत म्हणजे पर्सुएडच्या लॅटिन मुळाचं नातं ‘गोड’ या अर्थाच्या शब्दाशी आहे, आणि तो शब्द आपल्या ‘स्वादु’चा भाऊबंद. तरी आजच्या पर्सुएडमध्ये गोड बोलणं अपेक्षित नाही. तिथे कारणं द्यावी लागतात.

सिड्यूस जपून. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘वाटेवरून बाजूला नेणं’, आपलं ‘नादाला लावणं’. ‘सिड्यूस्ड बाय ईझी मनी’ असा वापर चालतो. पण कर्ता माणूस आणि कर्मही माणूस असेल तर वाचकाच्या डोक्यात पहिला अर्थ लैंगिकच येतो. शब्दकोशात ‘मोह पाडणे’ एवढंच पाहून ‘अवर सेल्समेन सिड्यूस कस्टमर्स’ लिहिलं तर अनर्थ होतो.

अल्युअर नाम म्हणून वापरावं, ‘द अल्युअर ऑफ द सिनेमा’, किंवा अल्युअरिंग हे विशेषण म्हणून. क्रियापद म्हणून ते आज क्वचित दिसतं.

‘भुरळ पाडणे’ याला मात्र एन्टाइस बहुतेकदा चुकीचंच. कोकणच्या किनाऱ्यांनी भुरळ पाडली, यात किनाऱ्याला आपल्याकडून काही करून घ्यायचं नाही. तिथे एन्चान्ट, कॅप्टिव्हेट किंवा चार्म. पर्यटन विभागाला पर्यटक यायला हवे असतात, तिथे अट्रॅक्ट. आणि अट्रॅक्टला क्रियापदाची शेपटी लागत नाही, फक्त जागेची किंवा वस्तूची: ‘अट्रॅक्ट टूरिस्ट्स टू कोकण’ बरोबर, ‘अट्रॅक्ट टूरिस्ट्स टू व्हिजिट कोकण’ अवघडलेलं. पुढे क्रियापद हवंच असेल तर ती जागा एन्टाइसची: ‘एन्टाइस टूरिस्ट्स टू स्टे लाँगर’.

कायद्याच्या कागदावर

‘अल्पवयीन मुलीला फूस लावून पळवलं’ ही बातमी मराठी वर्तमानपत्रांत नेहमी दिसते. या ‘फूस लावून’च्या मागे इंग्रजी कायद्यातलं एन्टाइसच आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेच्या कलम 361 मध्ये कायदेशीर पालकाच्या ताब्यातून अपहरण करण्याच्या गुन्ह्याची व्याख्या ‘टेक्स ऑर एन्टाइसेस’ या शब्दांनी होती. तिथे मुलगा 16 वर्षांखालचा आणि मुलगी 18 वर्षांखालची अशी वयोमर्यादा होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही व्याख्या कलम 137 मध्ये आली, शब्द तेच राहिले, आणि मुलगा-मुलगी भेद जाऊन 18 वर्षांखालचं कोणतंही बालक त्यात आलं.

सर्वोच्च न्यायालयाने 1973 च्या एका निकालात या शब्दाचा अर्थ उलगडून सांगितला आहे. न्यायालयाच्या म्हणण्याचा आशय असा: एन्टाइसमध्ये समोरच्याच्या मनात आशा किंवा इच्छा निर्माण करून त्याला प्रवृत्त करण्याची कल्पना आहे. त्याची रूपं अनेक, काही फार सूक्ष्म. परिणाम ताबडतोब होईल किंवा मनावर नकळत, सावकाश ठसा उमटत जाऊन काही काळाने होईल. कोलिताचं मूळ आठवलं तर न्यायालयाने शब्दाच्या गाभ्यावरच बोट ठेवलं आहे. कायद्यात टेक म्हणजे सोबत घेऊन जाणं आणि एन्टाइस म्हणजे निघायची इच्छा पेटवणं, असे दोन शब्द शेजारी ठेवले आहेत ते म्हणूनच. कायद्याच्या कागदाचं मराठीतून इंग्रजीत भाषांतर करताना ‘फूस लावली’साठी ल्युअर्ड किंवा सिड्यूस्ड लिहू नये, व्याख्येतला शब्द एन्टाइस्ड आहे, तोच ठेवावा.

पैशांच्या फसवणुकीत मात्र कायद्याचा शब्द वेगळा. ‘जादा परताव्याचं आमिष दाखवून फसवलं’ याचं बातमीतलं इंग्रजी ‘ल्युअर्ड विथ द प्रॉमिस ऑफ हाय रिटर्न्स’ असतं आणि ते ठीक आहे. तक्रारीत नेमका शब्द इन्ड्यूस. ज्या कलम 420 मुळे मराठीला ‘चारसोबीस’ मिळाला, त्याच्या मूळ इंग्रजी मथळ्यातच ‘डिसऑनेस्टली इन्ड्यूसिंग डिलिव्हरी ऑफ प्रॉपर्टी’ असं आहे. न्याय संहितेत हा गुन्हा कलम 318 मध्ये गेला. इन्ड्यूसला आमिषाची छटा नाही. ते फक्त कारण आणि परिणाम जोडतं: तुझ्या बोलण्यामुळे मी पैसे दिले. म्हणूनच औषधाने आणलेल्या प्रसूतिकळांनाही इन्ड्यूस्ड लेबर म्हणतात. शेपटी एकच, टू आणि मूळ क्रियापद.

बातमीतल्या आणखी एका जोडशब्दाकडे लक्ष द्यावं. आपल्याकडच्या इंग्रजी बातम्यांत ‘ल्युअर्ड ऑन द प्रीटेक्स्ट ऑफ अ जॉब’ सर्रास येतं. प्रीटेक्स्ट म्हणजे बहाणा, करणाऱ्याने स्वतःच्या कृतीला दिलेलं खोटं कारण. मीटर तपासायच्या बहाण्याने घरात शिरला, तिथे प्रीटेक्स्ट. नोकरी हे दुसऱ्याला दाखवलेलं आमिष आहे, तिथे ‘विथ द प्रॉमिस ऑफ अ जॉब’.

इंग्लंडमध्ये एन्टाइसवरून एक गाजलेला खटला झाला. 1852 च्या हंगामासाठी योहान्ना वाग्नर या गायिकेने बेंजामिन लम्ली यांच्या नाट्यगृहात गाण्याचा करार केला होता. प्रतिस्पर्धी नाट्यगृहाच्या फ्रेडरिक गाय यांनी तिला जास्त पैसे देऊन आपल्याकडे ओढलं, असा लम्लींचा दावा होता. दुसऱ्याचा नोकर फोडणाऱ्यावर दावा लावता येतो हे तत्त्व तिथे जुनंच होतं. पण गायिका म्हणजे काही नोकर नव्हे. 1853 साली न्यायालयाने ठरवलं की करार माहीत असून तो मोडायला लावणारा जबाबदार धरता येतो. या प्रकारच्या दाव्याला आज इंग्रजीत ‘इन्ड्यूसिंग ब्रीच ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ म्हणतात. या नावात एन्टाइसची जागा इन्ड्यूसने घेतली. आपली माणसं कुणी फोडू नयेत म्हणून कंपन्या करार करतात, त्यांत आजही इन्ड्यूसबरोबर एन्टाइस अवे लिहिलेलं सापडतं. माणसं अशी पळवण्याला बोलीतला इंग्रजी शब्द पोच.

अमेरिकेत राहणाऱ्या पालकांना मुलांच्या ऑनलाइन सुरक्षिततेबद्दल वाचताना ‘ऑनलाइन एन्टाइसमेंट’ हा शब्द भेटतो. तिथल्या संघीय कायद्याच्या कलम 2422 मध्ये चार क्रियापदं ओळीने आहेत: पर्सुएड, इन्ड्यूस, एन्टाइस, कोअर्स. पटवणं, प्रवृत्त करणं, भुलवणं, जबरदस्ती करणं. आरोपीला शब्दाच्या फटीतून निसटता येऊ नये म्हणून चारही दिली आहेत, पण शिकणाऱ्यालाही ती उपयोगी आहेत. एन्टाइस कुठे संपतं ते इथे दिसतं: धमकी आली की ते कोअर्स झालं. ‘नोकरीवरून काढीन म्हणून सही करायला लावली’ यात एन्टाइस कुठेच नाही.

पत्रात आणि जाहिरातीत

गिऱ्हाईक नजरेसमोर असताना त्याच्याशी बोलताना एन्टाइस वापरू नये. विक्रीच्या अंतर्गत बैठकीत ‘हाऊ डू वुई एन्टाइस देम बॅक?’ हा योग्य प्रश्न आहे. गिऱ्हाइकाला पाठवायच्या पत्रात ‘टू एन्टाइस यू, वुई आर गिव्हिंग 10 परसेंट ऑफ’ लिहिलं तर डाव उघड केल्यासारखं होतं. तिथे नुसतं ‘वुई आर ऑफरिंग’.

नोकरीच्या प्रस्तावाला उत्तर देताना ‘युअर ऑफर इज टेम्प्टिंग’ म्हटलं तर वाचणारा पुढच्या ‘बट’ची वाट पाहतो. एन्टाइसिंग म्हटलं तर जरा चमचमीत वाटतं, तो शब्द वास, मेनू, दुकानाची काच यांना जास्त शोभतो. खरंच आवडला असेल तर अट्रॅक्टिव्ह म्हणावं.

राजकारणात ‘मतदारांना आकर्षित करण्यासाठी’ याला बातम्यांत वू हा छोटा शब्द चालतो, मथळ्यात मावतो आणि आरोपही करत नाही. पैसे वाटले असतील तर ब्राइब म्हणावं. एन्टाइस म्हटलं की गुन्हा सौम्य होतो. ‘आमदार फोडले’ याला ल्युअर्ड अवे बसतं. कंपनीतली माणसं पळवली तर पोच्ड. पोच म्हणजे मूळ चोरटी शिकार, त्यामुळे त्याचं कर्म पळवलेला माणूस असतो आणि विथची शेपटी सहसा लागत नाही.

परीक्षेत एन्टाइसचा विरुद्धार्थी विचारला तर पर्याय पाहून ठरवावं. आकर्षणाच्या उलट रिपेल. काही करण्यापासून परावृत्त करण्याच्या अर्थाने डिस्वेड किंवा डिटर, आणि त्या दोघांची शेपटी फ्रॉम आणि आयएनजी: ‘द क्यू डिटर्ड देम फ्रॉम गोइंग इन’. तिथे टू लावण्याची चूक एन्टाइसच्या सवयीने होते.